ते नाव आणि ती नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुनिरका, नवी दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)



या समारंभात बोलण्यासाठी आम्ही ‘होड्यांचे मराठी शब्द’ हा विषय कळविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी दूरध्वनीवरून विचारले, “मुनिरक्यात आणि होड्या?” प्रश्न रास्त होता. आपली ही वसाहत अरवलीच्या खडकाळ पाठीवर वसलेली. समुद्र येथून शेकडो कोस दूर, आणि यमुना म्हटली तर तिच्या दर्शनालाही अर्धी दिल्ली ओलांडावी लागते. पावसाळ्यात आउटर रिंग रोडवर पाणी तुंबले म्हणजे तेवढी होडीची आठवण सर्वांना होते, ती गोष्ट निराळी! असे असूनही हाच विषय घेण्याचा आग्रह आम्ही धरला, याचे कारण या मंडळाशी निगडित असलेली एक जुनी हकीगत आहे. तीत चूक आमची होती. पन्नास वर्षांच्या हिशेबात चुकाही जमेस धराव्यात, या भावनेने ती आज आपणांसमोर मांडीत आहोत.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपल्या गणपतीचे विसर्जन यमुनेत होत असे. आजच्याप्रमाणे कृत्रिम कुंडात नव्हे. घाटावर मंडळी जमली होती, आरती सुरू व्हायची होती. एवढ्यात आपल्याच एका सभासदाची सहा-सात वर्षांची मुलगी पाण्याकडे हात करून आनंदाने ओरडली, “काका, नाव आली, नाव!” आम्ही त्या वेळी मुलांच्या मराठी वर्गाची व्यवस्था पाहत होतो. हिंदीच्या आक्रमणाविरुद्ध जणू एकट्यानेच खिंड लढवीत आहोत, अशी आमची समजूत होती. आम्ही चटकन म्हणालो, “नाव नव्हे बाळ, होडी म्हणावे. नाव हिंदी झाले.” मुलगी गप्प झाली.

आमच्या मागे मालवणकडच्या एक आजी उभ्या होत्या. आपल्याच वसाहतीत मुलाकडे राहत. त्या म्हणाल्या, “अहो, चेडवाक कित्याक रागावतास? नाव आपलीच आसा.”

आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मोल्सवर्थचा कोश उघडला, आणि आजींचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. ‘नाव’ हा शब्द अस्सल मराठी, संस्कृत ‘नौ’पासून सरळ उतरलेला. नावाडी, नाविक, नौका ही सगळी त्याच घरची माणसे. इतकेच नव्हे, तर फारसीतील ‘नाव’, लॅटिनमधील ‘नाविस’ आणि त्यावरून इंग्रजांनी घेतलेली ‘नेव्ही’ हीसुद्धा त्याची दूरची भावंडे. ज्या शब्दाला आम्ही परका म्हणून दाराबाहेर काढले, तो घरातला सर्वांत वडीलधारा निघाला.

वाईट याचे वाटते की, चूक कळूनही ती त्या मुलीपाशी कबूल करण्याचे आम्हांस सुचले नाही. त्यानंतर ती वर्गात येई, पण बोलताना अडखळे. प्रत्येक शब्दापूर्वी आईकडे पाही आणि हळूच हिंदीत विचारी की, हा शब्द मराठीच आहे ना? पुढे ती वर्गाला येईनाशी झाली. भाषा शिकविण्याच्या उत्साहात आम्ही तिचे बोलणेच थांबविले होते.

या एका शब्दाकडे थोडे निरखून पाहू. मराठीत ‘नाव’ दोन. एक ‘ते नाव’, म्हणजे माणसाचे किंवा वस्तूचे; दुसरी ‘ती नाव’, म्हणजे पाण्यावरची. पहिल्याचे अनेकवचन ‘नावे’, दुसरीचे ‘नावा’. ‘नावात काय आहे’ हा प्रश्न निराळा आणि ‘नावेत काय आहे’ हा निराळा. पूर्वी लेखनातही हा भेद दिसत असे. ‘नामन्’मधील अनुनासिकाची खूण म्हणून पहिल्या शब्दावर अनुस्वार देत आणि ‘नांव’ असे लिहीत. होडी मात्र अनुस्वाराशिवाय. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि दोन्ही शब्द कागदावर एकसारखे दिसू लागले. आता त्यांना वेगळे ओळखणे उरले ते केवळ लिंगावर, म्हणजे बोलणाऱ्याच्या कानावर. ज्या मुलीने ‘नाव आली’ असे म्हटले, तिचा कान अगदी शाबूत होता.

त्या आजींकडे आम्ही पुढे अनेकदा गेलो. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांच्याकडून शब्द उतरवून घेऊ लागलो. त्या सांगत त्यात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. ‘होडी म्हणजे काय’ असे विचारले की त्या उलट विचारीत, “कशासाठी? मासे मारायला, माल न्यायला, की पैलतीरी जायला?” कामावाचून नाव नाही, असा त्यांचा रोख होता, आणि आमच्या मते तो सर्वस्वी शास्त्रशुद्ध होता.

एकच लाकूड कोरून केली ती डोण. किनाऱ्यालगत वल्ह्यांनी चालवावयाची ती होडी. ती लाटेने कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगास आडव्या दांड्यांनी जे लाकूड बांधतात त्याला म्हणतात उलांडी. नदीच्या किंवा खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसे पोचवीत दिवसभर येरझारा घालते ती तर. शीड लावून मासळी किंवा माल वाहणारा तो मचवा. मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहिले असता त्यातील माणसे व माल धक्क्यावर आणणारा, पोटाने रुंद आणि वरून उघडा, तो पडाव. दिल्लीत ‘पडाव’ म्हटले की प्रवाशाचा मुक्काम. कोकणात मात्र पडाव स्वतःच प्रवासात असतो.

याहून मोठी कुळे इतिहासाच्या पानांत भेटतात. शिवकालीन आरमाराच्या वर्णनांत गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, पगार, मचवा अशी नावे येतात. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी लढाऊ नौका. गलबत तिच्याहून लहान, चपळ, शीड आणि वल्ही या दोहोंवर चालणारे. वारा पडला म्हणजे गलबते वल्हवीत गुराबांना दोरांनी ओढून नेत आणि शत्रूवर घालीत. कान्होजी आंग्र्यांचे आरमार असेच लढे. इंग्रजांनी या नौकांचा इतका धसका घेतला होता की, ही दोन्ही नावे ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ अशा रूपांत त्यांच्या कागदपत्रांत जाऊन बसली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमाराला राज्याचे एक स्वतंत्र अंग मानले असून, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, अशी ताकीद दिलेली आहे.

हे सगळे शब्द कोठून आले? गुराब मूळ अरबी, तेथे त्याचा अर्थ कावळा. सुकाणू हाही अरबी. खलाशी अरबीतलाच. आपला नाखवा पाहा: फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, हेच त्याचे मूळ, म्हणजे त्याच्याही पोटात आपली ‘नाव’ दडलेली. उलटपक्षी आपल्याकडची ‘डिंगी’ इंग्रजीत ‘डिंघी’ झाली आणि तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेली लाकडे, ‘कॅटॅमरान’ म्हणून जगभर फिरली. समुद्रावर शब्दांना जकात नव्हती. कोळ्याने, खारव्याने, भंडाऱ्याने कधी विचारले नाही की हा शब्द आमचा की परका. ज्याने काम भागले तो आपला. आम्ही मात्र यमुनेच्या काठावर शब्दांचे जकातनाके मांडून बसलो होतो.

काम गेले की नावही जाते, ही याची दुसरी बाजू. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. हल्ला वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा होता, आणि इंग्रजांशी हातमिळवणी पेशव्यांनी केली होती. त्या ज्वाळांत केवळ लाकूड जळाले नाही. लढाऊ गुराब बांधणारे आणि चालविणारे हात रिकामे झाले, आणि हळूहळू तो शब्द बखरीपुरता उरला. पुढे वाफेची जहाजे आली. लोकांनी त्यांना ‘आगबोट’ असे मोठे चपखल नाव दिले. लहानपणी आपण मालवणहून मुंबईला आगबोटीने गेल्याचे आजी सांगत. बंदर उथळ, म्हणून आगबोट दूर उभी राही. तिच्यापर्यंत पडावातून जायचे, आणि लाटेवर पडाव वर आला की खलाशाचा हात धरून शिडीवर पाय टाकायचा. पुढे मुंबई ते गोवा या किनाऱ्यावरची ती वाहतूक बंद पडली, आणि उतारूंना घेणाऱ्या पडावाचेही काम संपले. मासेमारीला यंत्रे लागली, लाकडाच्या जागी फायबर आले. आता अनेक बंदरांत होडीलाच ‘फायबर’ म्हणतात. बाकी सर्वांना एकच शब्द पुरतो: बोट. हाताला पाच बोटे आणि समुद्रात सगळ्याच बोटी!

मग हे शब्द मेलेच म्हणावयाचे काय? आम्ही आजींच्या यादीकडे पुन्हा पुन्हा पाहत गेलो, तसे आमचे उत्तर बदलले. पुष्कळ शब्द पाणी सोडून जमिनीवर आले आहेत आणि वेष पालटून आपल्या घरात नांदत आहेत. संस्कृत ‘तॄ’, म्हणजे पार जाणे, या एका धातूपासून तर, तारू आणि तरांडे झाले. आणि त्याच धातूपासून तरणे, तारणे, निस्तरणे, उतरणेही झाले. नवी दिल्लीच्या फलाटावर आपण ‘उतारू’ म्हणून उभे राहतो, तेव्हा त्या शब्दाला कधीकाळी नदीच्या उताराचे पाणी लागलेले असते. ‘डोण’ संस्कृत ‘द्रोणी’पासून आली. देशावर तोच शब्द गुरांना पाणी पाजण्याच्या कुंडाला लावतात. आणि आज दुपारी आपण ज्या द्रोणात आमटी घेतली तो द्रोण याच गोतातला. पोकळ करून काही सामावून घेणारी वस्तू, एवढाच मूळ भाव. ‘कास धरणे’ हा वाक्प्रचार घ्या. पट्टीच्या पोहणाऱ्याने कास घट्ट कसलेली असे. न पोहणारा तीच धरून नदी पार होई. ज्ञानाची कास धरा, असे आपण मुलांना सांगतो तेव्हा त्यांना पाण्यातच उतरवीत असतो.

आणि ‘सांगड’. या शब्दापाशी आम्ही सर्वांत अधिक थबकलो. आपण दररोज नोकरी आणि संसार यांची सांगड घालतो, जुन्या-नव्याची सांगड घालतो. मूळची सांगड म्हणजे दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन सुके भोपळे एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन. एकटा भोपळा हातातून निसटतो, गोल फिरतो. दोन बांधले की माणूस मधोमध स्थिर राहतो आणि पैलतीर गाठतो. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे जे विस्तृत रूपक आहे, त्यात ज्ञानदेवांनी ती नदी तरून जाण्याची माणसाची नाना साधने सांगितली आहेत. कोणी आपल्या बाहूंच्या बळावर झेप घेतो, कोणी वेदांची सांगड करतो, कोणी यज्ञकर्माची पेटी पोटाशी बांधतो; वैराग्याची नाव मात्र तीत शिरू शकत नाही. साधने सगळी मराठी माणसाच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणूनच सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीच्या श्रोत्याला तत्त्वज्ञान समजले. नाव आणि सांगड हे दोन्ही शब्द त्या काळापासून आपले आहेत.

आता आपल्या या दिल्लीकडे वळू. येथील यमुनेलाही नावांचा इतिहास आहे. १८६६ साली लोखंडी पूल होण्यापूर्वी नदीवर नावांचा पूल असे: नावा शेजारीशेजारी बांधून त्यांवर केलेली वाट. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले ते याच पुलावरून. त्याच्याही आधी, १७६० साली, सदाशिवरावभाऊंनी यमुनेवर पूल बांधण्यासाठी नावा जमवाव्यात म्हणून गोविंदपंत बुंदेल्यांकडे तगादा लावला होता. पावसाळ्याने नदी फुगलेली. पूल काही झाला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरून आला, आणि पुढे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत घडले. समुद्रावरची गुराब नदीत उपयोगी पडली नसती हे खरे. पण ज्या समाजाला पाणी म्हणजे काय हे ठाऊक होते, त्यालाही परक्या नदीवर तिथलीच नाव आणि तिथलाच नावाडी शोधावा लागतो, हा धडा आपण दिल्लीकर मराठ्यांनी घेण्यासारखा आहे. आपण येथे राहतो ते येथल्या नावाड्यांच्या साहाय्यानेच.

आपली मुले हिंदीत खेळतात, इंग्रजीत शिकतात आणि घरी मराठी बोलतात. ‘दोन नावांवर पाय’ अशी हिंदी म्हण आहे. मराठीत आपण दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतो. दोन्हींचा उपदेश एकच: एक काहीतरी निवड. आम्हीही वर्षानुवर्षे मुलांना हेच सांगत आलो. आज वाटते, त्यांना आणखी एक शब्द द्यावयास हवा होता. त्या दोन होड्या एकमेकींना बांधल्या तर? दोन सुट्या नावांवर पाय ठेवणारा बुडतो, पण त्याच दोन नावांची सांगड झाली की भर पुरातही माणूस तरतो. हिंदीतील नाव आणि मराठीतील नाव एकच आहे, हे त्या दिवशी घाटावर आम्ही त्या मुलीला आनंदाने सांगितले असते, तर ती दोर तिथेच बांधली गेली असती.

शब्द जपण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक अलीकडची हकीगत सांगतो. समुद्रापासून दूर, डोंगराच्या कड्यात कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत एका जहाजाचे चित्र आहे. त्या काळच्या जहाजाचे आराखडे उरले नाहीत, जहाजेही उरली नाहीत. उरले ते चित्र. त्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून गोव्यात एक नौका बांधण्यात आली. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. केरळच्या कारागिरांनी त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. २०२५ साली कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. कोरड्या डोंगरात कोणीतरी जहाजाची आठवण रंगवून ठेवली, म्हणून दीड हजार वर्षांनी ते पुन्हा पाण्यात उतरू शकले. मुनिरक्यासारख्या कोरड्या जागी पाण्याचे शब्द बोलत राहणे हे त्याच जातीचे काम आहे. नाव उरले तर नाव पुन्हा बांधता येते.

आजी आज हयात नाहीत. त्यांची यादी अपुरी राहिली. “उरलेले पुढल्या खेपेस,” असे त्या म्हणत. आणि ती खेप आलीच नाही. पाठकोरी पाने आम्ही मंडळाच्या ग्रंथालयास आज सुपूर्द करीत आहोत. आपली विनंती एवढीच की, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांत भर घालावी. होडीचे असोत, चुलीचे असोत, शेताचे असोत. शब्द विचारताना ‘त्याचे काम काय’ हेही विचारावे. आणि मुलांच्या तोंडून शब्द निघाला की त्याचा परवाना मागण्यापूर्वी कोश उघडून पाहावा.

शेवटी, त्या मुलीविषयी. या महोत्सवास ती आपल्या मुलाला घेऊन आली आहे. काल मंडपात तो लहानगा कार्यक्रमपत्रिकेच्या कागदाची घडी घालीत बसला होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने ती आमच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “आजोबा, ही नाव.” त्याची आई आमच्याकडे पाहत होती. आम्ही म्हणालो, “हो बाळा, नावच. छान झाली.” मग तिच्याकडे वळून तीस वर्षे राहिलेले तेवढे बोलून टाकले, की त्या दिवशी चुकलो ते आम्ही. ती हसली आणि म्हणाली, “काका, मला आठवतंय.” कागदाची ती नाव येथे या टेबलावर आहे.